कायद्याच्या पुढे धावणारी भीती

(वालीव येथे भरलेल्या समाजकार्यकर्ते आणि लेखकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

आजची हजेरी बुडवून आलेल्या वीटभट्टीवरच्या बायांनो, रात्रपाळी संपवून न झोपता इथे येऊन बसलेल्या गाळ्यांतल्या कामगार बंधूंनो,

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. २८८ जणांच्या त्या सभागृहात विधेयकाला उघड विरोध करणारा आमदार एकच निघाला, आणि तो आपल्या पालघर जिल्ह्यातला होता. डहाणूचे विनोद निकोले. मी त्यांच्या पक्षाची सभासद नाही. पण बाकीच्यांनी शंका विचारून समाधान मानलं त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातला माणूस ‘नाही’ म्हणाला, हे या व्यासपीठावरून मोठ्याने सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक तिथेही पार पडलं. बाहेर पडलेल्या माणसाचं मत कुणी मोजत नाही. आपली बाजू घेणारे ऐन वेळी दाराबाहेर असतात, हे आपल्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडत आलं आहे.

म्हणून आज मला विधेयकावर बोलायचं आहेच. पण त्याहून जास्त आपल्यावर बोलायचं आहे. संस्था चालवणारे आपण, पाड्यांवर आणि चाळींत जाणारे आपण, कुणी मनाई केलेली नसताना काय काय सोडून देत चाललो आहोत, त्यावर.

आधी विधेयक. ते पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, डिसेंबरात नागपूरला पुन्हा आलं आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. त्यांत आपल्यापैकी अनेकांच्याही असतील. आधीच्या मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ असं होतं, ते बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना’ असं केलं. झाला बदल, असं सांगितलं गेलं. पण ‘तशा प्रकारच्या’ म्हणजे कोणत्या, हे ठरवणार सरकार. आणि बेकायदेशीर कृत्याची व्याख्या तशीच रुंद राहिली. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका निर्माण करणारी कृती, सुव्यवस्था राखण्यात अडथळा आणण्याकडे कल असलेली कृती, कायद्याची किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं, तसा प्रचार करणं. हे बोलून होऊ शकतं, लिहून होऊ शकतं, खुणेने होऊ शकतं. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा सभासद असलात तर तीन वर्षं तुरुंग आणि तीन लाख दंड. सभासद नसताना मदत केलीत, आसरा दिलात, तर दोन वर्षं आणि दोन लाख. प्रत्यक्ष कृत्याला सात वर्षं आणि पाच लाख. गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र. संघटनेची जागा ताब्यात घेता येते, पैसा गोठवता येतो.

‘हे नक्षलवाद्यांसाठी आहे, तुम्ही का घाबरता?’ असं आपल्याला विचारलं जातं. शहाण्यासुरत्या, आपल्यावर माया करणाऱ्या माणसांकडूनही विचारलं जातं. त्यांना माझं उत्तर असं. बंदूक घेणाऱ्यासाठी १९६७ चा यूएपीए देशात आहे आणि तो पुरेसा कडक आहे. नवा कायदा येतो तेव्हा जुन्या कायद्याच्या हाताला न लागलेलं माणूस कोण, ते पाहावं लागतं. आणि हे पाहण्यासाठी गडचिरोलीला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे.

१९४५ साली तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात झरीला वारल्यांची परिषद भरली. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवराबायको दोघंही जन्मभर जमीनदाराच्या वाड्यावर राबत. ‘लग्नगडी’ म्हणायचे त्यांना. त्या परिषदेनंतर वारल्यांनी सांगितलं, वेठ करणार नाही, मजुरी दिल्याशिवाय गवत कापणार नाही. त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी दुसरं काय शिकवलं होतं? पण १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळ्या चालल्या आणि परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून तडीपार केलं गेलं. कारण? सार्वजनिक शांततेला धोका. हेच शब्द. वेठबिगारी हा गुन्हा आहे हे या देशाच्या कायद्याने १९७६ साली मान्य केलं. म्हणजे तीस वर्षांनंतर जो कायदा होणार होता, तो आधीच बोलून दाखवला म्हणून ती माणसं तडीपार झाली. त्या काळात हे विधेयक असतं तर ‘अवज्ञेला प्रोत्साहन’ या कलमात परुळेकर चपखल बसले असते, त्यांना जेवू घालणारी वारली बाई दोन वर्षं आत गेली असती.

आणि कायदा झाल्यावर तरी काय झालं? वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली, ती त्या १९७६ च्या कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणूनच. कायदा पुस्तकात होता, आदिवासी मात्र मालकाच्या शेतावरच होता. कागदावर मुक्त झालेल्या माणसांना गोळा करून, जबाब लिहून घेऊन, तहसीलदारासमोर उभं करावं लागलं. भट्टीवरच्या पोरांसाठी ‘भोंगाशाळा’ निघाल्या त्याही याच मुलखात. ज्या झोपडीत माणूस राहतो त्या भोंग्यापाशीच शाळा न्यायची, हे कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नव्हतं.

त्या १९७६ च्या कायद्यातलं कलम १३ मी तुम्हाला मुद्दाम सांगते. प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असावी, त्यात अनुसूचित जाती-जमातीचे तीन जण असावेत आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत, असं त्यात लिहिलेलं आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांना निर्णयाच्या खोलीत बसवा, ही मागणी कुणा परदेशी संस्थेने आपल्या डोक्यात घातलेली नाही. ती भारताच्या संसदेने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात घातली. आज कुणी तुम्हाला म्हणालं की सर्वांना सामावून घेण्याचं हे खूळ बाहेरून आलं, तर त्याच्यापुढे कलम १३ ठेवा.

आता आपल्याकडे येते.

या वसईत किती तऱ्हेचे लोक आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. पश्चिमेला सामवेदी, वाडवळ, ईस्ट इंडियन, कोळी, आगरी, भंडारी, मुसलमान. पूर्वेला तुंगारेश्वराच्या अंगाखांद्यावर वारली, कातकरी, मल्हार कोळी. आणि मधोमध हा वालीव-सातिवलीचा पट्टा, जिथे प्लास्टिकच्या, इंजिनिअरिंगच्या, पॅकेजिंगच्या गाळ्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालची पोरं राबतात आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं पोराबाळांसह उतरतात. बयाणा घेतलेला असतो, आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब पावसाच्या तोंडावर होतो आणि त्या हिशोबात मालकाचंच येणं निघतं. समाजकार्य करायचं तर या सगळ्यांत करायचं. इथे विविधता हा कार्यशाळेचा विषय होऊच शकत नाही. ती रस्त्यावर उभी असते आणि रेशन मागत असते.

पण गेल्या काही काळात मी काय पाहते आहे? संस्थांच्या वार्षिक अहवालांतून शब्द गळत आहेत. ‘जातीय अत्याचार’ होते तिथे ‘सामाजिक तणाव’ आलं. ‘तृतीयपंथी’ होते तिथे ‘इतर लाभार्थी’ आलं. ‘मुस्लिम वस्ती’ होती तिथे नुसता वॉर्ड क्रमांक आला. विचारलं की सांगतात, काम तेच आहे ताई, फक्त लिहिताना जरा सांभाळून. काम तेच राहत नाही, मित्रांनो! जो माणूस अहवालातून गेला, तो पुढच्या वर्षी अंदाजपत्रकातून जातो आणि त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या दारातून. हा शब्दांचा संकोच कोणत्याही कलमाने मागितलेला नाही. जातीचा अत्याचार नोंदवू नका असं जनसुरक्षा विधेयकात कुठेही नाही. विधेयक जिथवर पोचतं त्याच्या कितीतरी पुढे आपण आपल्या भीतीने त्याला नेऊन ठेवतो आहोत. सरकारला जे काम करायला पोलीस लागले असते, अधिसूचना लागली असती, विधेयकातल्या सल्लागार मंडळापुढे उभं राहावं लागलं असतं, ते आपण फुकटात, कार्यालयात बसून करून देतो आहोत. माझा आजचा राग सत्तेवर आहेच, पण त्याहून मोठा राग या सावधपणावर आहे.

काही जण म्हणतात, ताई, संस्था जगली पाहिजे, संस्था जगली तर काम जगेल. मी त्यांना महाडची गोष्ट सांगते. चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पुढचा-मागचा कज्जा फारसा कुणी वाचत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. पाण्याला मात्र तीन वर्षं कुणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्यानंतर गावात परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. आणि मग ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने काय केलं? आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

लोकांनी निवडलेल्या संस्थेने समावेशाचा ठराव मागे घेणं, ही गोष्ट आपल्यासाठी नवी नाही, एवढंच मला सांगायचं आहे. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, याच कोकणात, ती घडून गेली आहे. तेव्हा लोकांनी काय केलं ते पाहा. डिसेंबरात दुसरी परिषद बोलावली. विरोधक दिवाणी कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणाले आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसं महाडला पोचली होती, पाणी घ्यायच्या तयारीने. बाबासाहेबांनी त्यांना कोर्टाचा हुकूम पाळायला लावला. किती अवघड गेलं असेल ते! पण त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. हुकूम पाळला, मागणीतला एक शब्द सौम्य केला नाही. नंतर खटला चालत राहिला, वर्षानुवर्षं, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना पाणी न घेऊ देण्याची रूढी अनादी काळापासून असल्याचं सिद्ध झालेलं नाही. सुमारे दहा वर्षं. आणि निकाल लागला तो भाषणांवर लागला नाही, पुराव्यावर लागला.

या कज्ज्यातून मला आजच्यासाठी तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही आपल्याला टोचणाऱ्या आहेत. एक, कोर्टाचा हुकूम असेल तर तो पाळायचा, पण हुकूम आलेलाच नसताना तो पाळत बसायचं नाही. दुसरी, नोंदी ठेवायच्या. भट्टीवरच्या बयाण्याची नोंद, खर्चीची नोंद, किती हजार विटा पाडल्या त्याची नोंद, कोणत्या तारखेला पोलिसांनी तक्रार घ्यायला नकार दिला त्याची नोंद. आपल्या संस्थांत फोटो ढिगाने सापडतात, हजेरीवही सापडत नाही. उद्या तुमच्या कामाला कुणी बेकायदेशीर म्हणालं तर फोटो उपयोगी पडणार नाही, वही पडेल. आणि तिसरी गोष्ट माणसांची. महाडला बाबासाहेबांबरोबर सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. यांतलं कुणी अस्पृश्य नव्हतं. टिपणीसांना आणि चित्र्यांना आपल्याच लोकांत राहून हे करायचं होतं. त्यांनी ‘आम्ही फक्त सेवा करतो, आम्हाला राजकारणात ओढू नका’ असं म्हटलं नाही. आज हे वाक्य मला दर दुसऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकात सापडतं. कातकऱ्याच्या पोराला जातीचा दाखला मिळवून देणं ही सेवा आणि दाखला का मिळत नाही हे विचारणं हे राजकारण, अशी रेघ मारणाऱ्या माणसाने आपल्याला समाजकार्यकर्ता म्हणवून घेऊ नये.

पैशाचं बोलते, कारण तुमच्या मनात तेच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं उघडायचं, प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणायचा. मोठ्या संस्थेला याची झळ बसली, पण ती जगली. मेली ती पाड्यावरची छोटी मंडळं, ज्यांना मोठ्या संस्थेकडून वर्षाला थोडा पैसा मिळायचा आणि त्यातून एक बाई, एक बालवाडी आणि एक औषधाची पेटी चालायची. कायदा मोडण्याइतकीही ऐपत नसलेल्यांवर तो कायदा पडला.

आणि परदेशी पैशावर भरवसा ठेवू नका, हेही मी तितक्याच जोराने सांगते. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत नवे राष्ट्राध्यक्ष आले, त्यांनी त्याच दिवशी सरकारी खात्यांतली विविधता आणि समावेशाची कार्यालयं बंद करण्याचा आदेश काढला आणि परदेशी मदत गोठवली. तिकडे सही झाली आणि इकडे आपल्या शेजारच्या कल्याणमधलं तृतीयपंथीयांसाठीचं ‘मित्र’ क्लिनिक बंद पडलं. पुण्यातलं पडलं, २०२१ मध्ये हैदराबादला सुरू झालेलं पहिलंही पडलं. हार्मोनची औषधं, एचआयव्हीची तपासणी, मनाचा डॉक्टर, सगळं एका छताखाली मिळत होतं, तिथे कुलूप. वॉशिंग्टनच्या सहीवर कल्याणमधल्या हिजड्याची औषधं अवलंबून होती, ही आपल्या सगळ्यांची लाज आहे. कल्याण-वसई-विरारमध्ये इतके व्यापारी, इतके बिल्डर, इतके गाळामालक. त्यांच्याकडे आपण कधी मागायला गेलो? मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावती फाडायला आपल्याला संकोच वाटत नाही आणि तृतीयपंथीयाच्या औषधासाठी हात पसरायला वाटतो. संकोच आपला आहे, देणाऱ्याचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि त्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा ठेवली. बाईवरच्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं. एकाच देशात दोन शरीरांची किंमत कायद्याने अशी वेगवेगळी लिहिली गेली. या विषयावर इथल्या किती संस्थांनी त्या वेळी निवेदन दिलं होतं? मी नावं घेणार नाही. जे गप्प बसले ते या सभेत आहेत आणि त्यांना माहीत आहे.

आता समुपदेशनाबद्दल, कारण तिथे आपल्या पेशालाच हात घातला गेला आहे. २०२२ च्या अखेरीस वसईच्या एका मुलीच्या दिल्लीत झालेल्या खुनाची बातमी आली. आपण सगळे हादरलो. तिने वेळेवर तक्रार केली होती, तिचं ऐकलं गेलं नव्हतं. चौकशी त्याची व्हायला हवी होती. झालं काय? १३ डिसेंबर २०२२ रोजी राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत आंतरजातीय हा भाग काढला, आंतरधर्मीय ठेवला. मग १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायदा करण्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती आली. मुलीला मारहाण होते तेव्हा ती तक्रार करायला आली, तर तिला संरक्षण देणं हे काम. मुलीने कुणाशी लग्न केलं याची यादी करणं हे हेरगिरीचं काम. समुपदेशनाच्या नावाखाली आपल्याला त्या यादीचे कारकून केलं जाणार असेल, तर प्रत्येक प्रशिक्षित कार्यकर्त्याने नकार द्यावा. समोर बसलेल्या माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरायची नाही, हा समाजकार्याच्या शिक्षणातला पहिला धडा आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, तेव्हापासून तो शिकवला जातो. त्याच शिक्षणसंस्थेत, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिसमध्ये), जून २०२४ मध्ये पंचावन्न शिक्षक आणि साठ कर्मचाऱ्यांना कंत्राट संपल्याची पत्रं गेली होती. ओरड झाली म्हणून दोन दिवसांत मागे घेतली गेली. ओरड केली तर फरक पडतो, हेही त्यातून लक्षात ठेवा.

वालीवच्या चाळींत मला एक वाक्य सारखं ऐकू येतं: आधी आपल्या लोकांचं बघा, या भय्यांचं कशाला? मराठी माणसाच्या नोकरीचं दुःख खरं आहे. मी ते नाकारत नाही. माझ्याच लोकांचं आहे ते. पण गाळ्यात ओडिशाच्या पोराचं बोट प्रेसमध्ये तुटतं तेव्हा मालक त्याला दवाखान्याबाहेर सोडून देतो. आणि उद्या त्याच मशीनवर कातकऱ्याचा पोरगा उभा राहिला की त्यालाही तसंच सोडून देणार आहे. ठेकेदाराने एकाला स्वस्त करून ठेवलं की दुसराही स्वस्त होतो. जून २०२५ मध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या, बंगालमधल्या मुर्शिदाबादच्या मजुराला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि तो भारतीय असल्याचं समोर आल्यावर परत आणलं गेलं. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय एकच आहे. म्हणजे हे दूर कुठे घडलेलं नाही. त्याची कागदपत्रं घेऊन कुणीतरी धावलं म्हणून तो परत आला. ज्यांच्यासाठी कुणी धावत नाही, त्यांचं काय? आणि कागद तर कातकऱ्याकडेही नसतात. जो न्याय आज बंगालच्या गवंड्याला लागला तो उद्या भट्टीवरच्या आपल्या माणसाला लागू शकतो, हे ज्याला दिसत नाही त्याने मराठी माणसाच्या हिताचं बोलू नये.

आता सर्वांत अप्रिय गोष्ट. आपल्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांत कोण बसतं? कातकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मंडळावर एक तरी कातकरी बाई आहे का? तृतीयपंथीयांच्या प्रकल्पाचा समन्वयक तृतीयपंथी आहे का, की त्यांना फक्त ‘लोक गोळा करून आणा’ एवढं काम मानधनावर आहे? भट्टीवरच्या बैठकीत मराठी, हिंदी, वारली, सगळ्या भाषा ऐकू येतात. कार्यालयातल्या बैठकीत एकच भाषा आणि दोन-तीन आडनावं ऐकू येतात. कायदा आपल्याविरुद्ध आला तर आपल्यासाठी कोण उभं राहील याचं उत्तर इथे आहे. ज्यांना आपण लाभार्थी म्हणून खाली बसवलं, ते संस्थेला टाळं लागलं तर हळहळतील आणि घरी जातील. ज्यांना संस्था स्वतःची वाटते, तेच दारात उभे राहतात. ज्या पाड्यावरच्या बायका महिन्याला दहा-दहा रुपये वर्गणी देऊन आपली हिशोबवही स्वतः तपासतात, तिथलं काम देणगी आटली तरी बंद पडत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. मोठ्या आवारातल्या संस्था मी बंद पडताना पाहिल्या आहेत.

इथे लेखकही बसले आहेत. वसईने मराठीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो दिले. नंदाखालचा हा माणूस ‘सुवार्ता’ चालवत होता आणि हरित वसईसाठी बिल्डरांच्या आणि गुंडांच्या समोर उभा होता. धर्मगुरूने पाण्याचा, जमिनीचा प्रश्न हाती घेतला म्हणून त्यांना धमक्या आल्या, आणि ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ते ख्रिस्ती आहेत म्हणून पुन्हा आल्या. ते जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या आठवणीचे कार्यक्रम आपण केले. पण त्यांच्यासारखं उभं राहून पूर्व पट्ट्याबद्दल आपण किती लिहिलं? भट्टीवर जन्मलेल्या पोराची, गाळ्यात बोट गमावलेल्या कामगाराची, घरातून हाकलून दिलेल्या तृतीयपंथी मुलाची कथा वसईच्या दिवाळी अंकांत का नाही? लिहिलेलं कोर्टात पुरावा म्हणून कदाचित उभं राहणार नाही, पण ज्या समाजाने एखाद्या माणसाबद्दल कधी वाचलेलंच नाही, त्या समाजाला तो माणूस उद्या बेकायदेशीर आहे असं सांगणं फार सोपं जातं.

आता शेवटचा विषय, आजच्या ठरावाचा. मसुदा समितीतल्या काही ज्येष्ठांनी मला सकाळी लेखी सूचना दिली आहे की ठरावातले ‘तृतीयपंथी’, ‘आंतरधर्मीय जोडपी’ आणि ‘परराज्यातून आलेले कामगार’ हे तीन उल्लेख काढावेत आणि तिथे ‘सर्व वंचित घटक’ असं घालावं, म्हणजे संस्थांना त्रास होणार नाही. त्यांचा हेतू वाईट नाही, मला माहीत आहे. पण अध्यक्ष म्हणून मी ती सूचना स्वीकारलेली नाही. मसुदा आहे तसा सभेपुढे येईल. दक्षता समितीवर भट्टी कामगारांचा प्रतिनिधी घेण्याची मागणी करणारं दुसरं कलमही तसंच राहील, आणि कोणत्याही एका संस्थेवर या विधेयकातल्या तरतुदींखाली कारवाई झाली तर बाकीच्यांनी आठ दिवसांत एकत्र येऊन जाहीर भूमिका घ्यायची, हे चौथं कलमही. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी उभं राहून, कारण देऊन करावा. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं जाईल. ज्या संस्थेला सही करायची नसेल तिच्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही. पण सही केली तर पदाधिकाऱ्याच्या नावासह करायची, नुसत्या शिक्क्याने नाही.

वारली आणि हिंदीतून ठराव समजावून सांगायला दोघी जणी पुढे येऊन बसल्या आहेत, त्यामुळे घाई नको. सचिवांनी पहिलं कलम वाचायला घ्यावं.